साहेबांचा राजीनामा

माझी नात पुण्याला एका कंपनीत आहे. हल्लीच तिला बढती मिळाली, हाताखाली नऊ माणसं आली, आणि तेव्हापासून फोनवर ती कामाखेरीज दुसरं काही बोलत नाही. परवा तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही मॅनेजर झालात तेव्हा लीडरशिपवर कोणती बुक वाचली होती? मतलब, कोई एक किताब, जिससे सच में फर्क पड़ा हो?" ग्वाल्हेरची मुलगी आहे. पुण्यात पाच वर्षं काढली तरी अर्धं वाक्य हिंदीतच होतं. मी म्हटलं, एक नाही, कपाटभर पुस्तकं होती, आणि त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. तिला वाटलं आजोबांची स्मरणशक्ती गेली. स्मरणशक्ती ठणठणीत आहे. नावं खरंच माहीत नाहीत, कारण ती आम्हाला कधी दिसलीच नाहीत.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. आम्ही ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात राहायचो. आजोबा दरबारच्या कचेरीत होते, वडीलही तिथेच, आणि नोकरी म्हणजे दरबारची, बाकीची ती हमाली, अशी आमच्या घराची ठाम समजूत होती. मला मात्र चिकटवलं गेलं ते लष्कर म्हणतात त्या आमच्या शहरभागाच्या बाहेर, मोरारच्या रस्त्यावरच्या दुरुस्ती कारखान्यात, कारकून म्हणून. तिथे पाण्याचे पंप, रस्त्याचे रोलर आणि सरकारी मोटारी दुरुस्त व्हायच्या. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो आणि ऑइलचे डाग घेऊन परत आलो. आईने कपडे बघितले आणि वडिलांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

कारखान्याचे मॅनेजर मराठीच होते, पन्नाशीचे, पाटणकर बाजारात राहणारे. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. उंचीने बेताचे, आवाजाने त्याहून बेताचे. पहिल्या भेटीत मला वाटलं, हा माणूस शंभर माणसांना कसा काय हलवत असेल? मी तेव्हा फार लवकर मतं बनवायचो. अजूनही बनवतो, पण आता निदान तोंडातल्या तोंडात ठेवतो.

साहेबांनी विचारलं, "वाचतोस का काही?"

मी सांगितलं, परीक्षेची वाचली, कादंबऱ्या वाचतो.

"कामाबद्दलचं?"

कामाबद्दल पुस्तक असतं हेच मला नवीन होतं. साहेबांनी टेबलामागचं कपाट उघडलं. आत तीन फळ्या भरून पुस्तकं होती आणि प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर. पाठीवर पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही. तिथे साहेबांच्या उभ्या, सुटसुटीत अक्षरात एकेक प्रश्न लिहिलेला होता. 'माणूस कामावर उशिरा का येतो?' 'हुकूम कसा द्यावा?' 'चूक सापडली. आता?' 'हाताखालचा माणूस आपल्यापेक्षा हुशार निघाला तर?' मी कपाटासमोर उभा राहिलो तो उभाच राहिलो. आमच्या घरी पोथ्या होत्या, त्या सोवळ्यात असायच्या. शाळेत पुस्तकं होती, ती पाठ करायची असायची. इथे पुस्तकं पान्यासारखी लावून ठेवली होती, ज्याला जो लागेल तो त्याने काढून घ्यावा.

त्यातली निम्मी इंग्रजी होती. पूर्वीचा एक गोरा इंजिनीअर विलायतेला परत जाताना ती मागे ठेवून गेला होता. काही मराठी होती, मुंबई-पुण्याहून मागवलेली, दोन हिंदी. मी विचारलं, नावं का झाकलीत?

"नाव वाचलं की माणसाला वाटतं, पुस्तक वाचलं," साहेब म्हणाले. "प्रश्न वाचला की आत जावंच लागतं ना."

दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं सगळे लेथच्या शेडमध्ये जमायचे. यंत्रं बंद. साहेब एक पान निवडायचे, मी ते मोठ्याने वाचायचो, आधी मराठीत आणि मग हिंदीत, कारण आमची निम्मी माणसं मराठी होती आणि निम्मी हिंदी बोलणारी. मग साहेब कुणालाही उभं करून म्हणायचे, हे तुझ्या कामात कुठे बसतं ते सांग. पुस्तकात काय लिहिलंय ते सांगितलं तर खाली बसवायचे. फिटर, सुतार, पहारेकरी, सगळ्यांना बोलावं लागायचं. पहिल्या गुरुवारी मला हा पोरखेळ वाटला. तिसऱ्या गुरुवारी एका म्हाताऱ्या सुताराने, ज्याला सहीसुद्धा येत नव्हती, इंग्रजी पुस्तकातल्या एका वाक्याची अशी काही फोड केली की मी घरी जाऊन ते पान पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी ते मलाच कळलेलं नव्हतं. मला इंग्रजी येत होतं, त्याला काम येत होतं, एवढाच फरक होता.

'हुकूम कसा द्यावा?' या पुस्तकातून आमच्या कारखान्यात एक पद्धत आली, तिची हकिकत सांगायलाच हवी. आमचे मराठी फोरमन हिंदी बोलायचे ते मराठीत विचार करून. एकदा गाडीवर तेलाचं भरलेलं पिंप होतं. ते खाली उतरवायचं होतं, म्हणून फोरमन दुरूनच ओरडले, "पीपा खाली करो." नवीन आलेल्या हिंदी फिटरने त्याच्या भाषेत जे ऐकलं तेच केलं. बूच काढलं आणि सगळं तेल अंगणात ओतून पिंप रिकामं केलं. फोरमनचा पारा चढला. फिटर म्हणे, आप ही ने तो कहा. दोघंही खरं बोलत होते.

साहेब रागावले नाहीत. त्या गुरुवारी त्यांनी जे पान वाचायला दिलं, त्याचा मतलब असा होता की आपण जे बोललो तो हुकूम नव्हे, समोरच्याने जे ऐकलं तो हुकूम. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. हुकूम ऐकला की ऐकणाऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा आणि मगच हात लावायचा. मिस्त्री लोकांनी त्याला 'वापसी' नाव ठेवलं. "वापसी दो भाई," असं दिवसभर चालायचं. सुरुवातीला सगळे हसायचे. महिन्याभरात पुन्हा दुरुस्तीला परत येणारे पंप कमी झाले, तेव्हा हसणं आपोआप थांबलं. एका पुस्तकाच्या एका पानाने शंभर माणसांचं बोलणं बदललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि थक्क झालो. छापलेल्या अक्षरात इतकी ताकद असते, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं शिकलेली माणसं आम्ही, आणि तरी पुढचं घडलं.

विलीनीकरणानंतर नव्या राज्याची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्याचे सहा महिने इंदूरला असायची. फायली पेट्यांत भरून इकडून तिकडे जायच्या आणि रोज नवीन अफवा यायची. अमुक खातं बंद होणार, तमुक लोक कमी करणार. आमच्याबद्दल मात्र अफवा नव्हती, बातमी होती. माळव्यातल्या एका लहान संस्थानाचा असाच एक कारखाना होता, तो आमच्यात मिळवायचा ठरलं होतं. तिथली यंत्रं येणार, माणसं येणार, आणि तिथले मॅनेजरही येणार. ते साहेबांहून पंधरा वर्षांनी लहान होते, असं कळलं. मॅनेजर दोन झाले आणि खुर्ची एक होती. ती साहेबांचीच, याबद्दल आमच्या कुणाच्या मनात शंका नव्हती.

मे महिन्यात इंदूरहून खात्याचं पत्र आलं. टपाल मी वाचून दाखवायचो, साहेब लेथपाशी उभे राहून ऐकायचे. नव्या सरकारची हिंदी आमच्या रोजच्या हिंदीहून वेगळी, जड होती, म्हणून मी ते वाक्य दोनदा वाचलं. "एकीकरण के पश्चात प्रबंधक का एक ही पद रहेगा। अतः दोनों प्रबंधकों का राजीनामा एक सप्ताह के भीतर इस कार्यालय को प्रस्तुत किया जाए।"

मी मराठीत सांगितलं, "साहेब, दोघांचे राजीनामे मागितलेत."

साहेबांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि स्वतः वाचलं. त्यांनाही तेच दिसलं. दोन मराठी माणसं एका कागदाकडे बघत उभी होती आणि दोघांना एकच अर्थ दिसत होता.

दुपारी त्यांनी मला उत्तर लिहायला बसवलं. ते म्हणाले, "दोघांनी राजीनामे दिले तर नव्या कारखान्याला डोकंच राहणार नाही. मग कुणीतरी तिसरा येईल, ज्याला पंप आणि रोलर यातला फरक कळत नसेल. त्यापेक्षा एकाने द्यावा. माझी नोकरी झालीय. त्यांची व्हायचीय."

मी तापलो. म्हटलं, "साहेब, हा अन्याय आहे. हा कारखाना तुम्ही उभा केलात. लिहून द्या की नाही देत राजीनामा, काय करायचं ते करा."

"तुझं ओरडून झालं का?" त्यांनी विचारलं. "झालं असेल तर लिही."

मी लिहायला घेतलं आणि हाताच्या सवयीने 'इस्तीफा' लिहिलं. कचेरीतल्या हिंदीत नोकरी सोडण्याला आम्ही इस्तीफाच म्हणायचो. साहेबांनी बोट ठेवलं. "वरून जो शब्द आलाय तोच वापर. ज्या शब्दात विचारलं त्याच शब्दात उत्तर द्यावं, नाहीतर फाइल परत येते." कारकुनीतला तो पक्का नियम होता, माझ्या आजोबांनीसुद्धा मला शिकवलेला. मी इस्तीफा खोडून राजीनामा लिहिलं. आज वाटतं, माझा हात माझ्या डोक्यापेक्षा शहाणा होता, आणि मी त्याला गप्प केलं.

पत्र असं झालं: "श्रीमान के आदेशानुसार मेरा राजीनामा सेवा में प्रस्तुत है। एकीकृत कारखाने का भार दूसरे प्रबंधक महोदय को सौंपा जाए, इसमें मुझे कोई आपत्ति नहीं है।" शेवटच्या शब्दांवर साहेबांना हसू आलं. "यांच्या आपत्तीचा अर्थ हरकत. आपल्या मराठीत वाचलं तर मला कोणतंही संकट नाही, असं होतं." मीही हसलो. एका शब्दाचे दोन भाषांत दोन अर्थ होतात, हे आम्हाला ठाऊक होतं, आम्ही त्यावर विनोद करत होतो, आणि त्याच कागदावर दोन ओळी वर तसाच दुसरा शब्द बसला होता.

साहेबांनी सही केली. पत्र टपालात गेलं.

त्यांनी कारखान्यात कुणाला सांगितलं नाही, मलाही बंदी केली. रोजच्यासारखे यायचे, लेथपाशी उभे राहायचे. फक्त रोज जाताना कपाटातली दोन-तीन पुस्तकं घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "समासात मी काही खासगी लिहिलंय, ते पुसतोय. कपाट इथेच राहील. ते माझं नाही, कारखान्याचं आहे." त्या वयात मला वाटायचं, मोठा माणूस म्हणजे ज्याच्यासाठी दारं उघडतात तो. हा माणूस स्वतःच्या हाताने दार लावून, किल्ली आत ठेवून निघाला होता.

पाचव्या दिवशी आमचे हेडमिस्त्री पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ते मोरारचे, हिंदी बोलणारे, कारखान्यातले सगळ्यांत जुने. भावाशी विहिरीवरून त्यांचा कोर्टात जुना वाद चालला होता. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "मुँह मीठा करो भैया, राजीनामा हो गया।"

मी दचकलो. मला वाटलं साहेबांची गोष्ट फुटली, आणि हा गृहस्थ पेढे वाटतो म्हणजे काय. मी चिडून विचारलं, "राजीनामा हुआ तो पेड़े बाँटते हैं?"

"अरे, तो और कब बाँटेंगे? भाई से कचहरी में राजीनामा हो गया।"

"आपने नौकरी छोड़ दी?"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू म्हणाले, "नौकरी की बात कहाँ से आ गई? राजीनामा, भैया। दोनों राज़ी हो गए, कागज़ पर लिख दिया, झगड़ा खतम।"

पेढा माझ्या हातातच राहिला. राजी होण्याचा कागद. समझोता. इंदूरचं पत्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि आता त्यातलं प्रत्येक अक्षर वेगळं दिसायला लागलं. खुर्ची एक आहे, दोघं मिळून ठरवा कोण बसणार, आणि दोघांच्या सहीने तसं लिहून पाठवा. एवढंच विचारलं होतं. कुणी कुणाची नोकरी मागितली नव्हती. मराठीतला राजीनामा मी हिंदी पत्रात वाचला होता आणि त्यापायी एका माणसाने आयुष्यभराचं काम सोडून दिलं होतं.

मी लगेच जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझी नोकरी कच्ची होती, आणि घरी वडील आधीच माझ्याशी अर्धं बोलत होते. दोन दिवस मी साहेबांच्या नजरेला नजर देण्याचं टाळलं. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी इंदूरहून हुकूमच आला. साहेबांनी तो वाचला आणि मला बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "हे काय ते समजलं नाही मला. लिहितात, वर्तमान प्रबंधक के राजीनामे के अनुसार दुसऱ्या साहेबांना मॅनेजर नेमलं जातंय, आणि मला याच कारखान्यात, याच पगारावर, सहायक. अरे, राजीनामा दिलेल्या माणसाला सहायक कसं करतात हे लोक?"

मी सांगून टाकलं. मिस्त्रींचे पेढे, विहीर, दोन दिवसांचं माझं गप्प बसणं, सगळं. त्यांचं पत्र तिकडे कसं वाचलं गेलं असेल तेही. आदेशानुसार माझी संमती आहे, दुसऱ्यांना मॅनेजर करा, माझी हरकत नाही. तिकडच्या अधिकाऱ्याने ते वाचून, हा माणूस किती समंजस आहे म्हणून लगेच हुकूम काढला असणार.

साहेबांनी हुकूम घडी करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आता वापसी घे. तू काय सांगितलंस ते मी बरोबर ऐकलं का बघ. मी नोकरी सोडलेली नाही. मी फक्त खुर्ची सोडली, आणि तीही आपल्या खुशीने, असं त्यांना वाटतंय."

"हो, साहेब. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं? कागद मीही वाचला होता. तू इस्तीफा लिहिलास, मी खोडायला लावलं." ते थांबले. "आपण हाताखालच्या माणसांकडून रोज वापसी घेतली. वरच्यांना मात्र एकदाही विचारलं नाही की साहेब, तुम्ही म्हणता त्याचा अर्थ असाच ना? विचारायची हिंमतच नाही केली. त्याचं पुस्तक आपल्या कपाटात नाही."

संध्याकाळपर्यंत गोष्ट फोरमनपर्यंत गेली आणि तिथून सगळीकडे. मराठी-हिंदी सगळे एकत्र येऊन साहेबांसमोर उभे राहिले. फोरमन म्हणाले, "साहेब, दोन ओळी लिहून द्या की चुकीने लिहिलं. खुर्ची तुमची आहे." हेडमिस्त्री म्हणाले, "हम सब दस्तखत कर देंगे।" मी तर अर्ज लिहूनच आणला होता. इतकं सुंदर अक्षर मी आयुष्यात परत काढलं नाही. नवे साहेब रुजू व्हायला चार दिवस होते आणि त्या चार दिवसांत तो अर्ज गेला असता तर हुकूम बदलला असता. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं.

साहेबांनी अर्ज घेतला, वाचला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ते कपाटासमोर उभे होते. टेबलावर एक कोरी वही होती आणि तिला ते तपकिरी कव्हर घालत होते. कव्हर घालून झालं, मग त्यांनी दौत ओढली आणि पाठीवर लिहिलं, 'आपल्याच कारखान्यात दुसऱ्याच्या हाताखाली काम कसं करावं?'

मी वही उघडून पाहिली. सगळी पानं कोरी.

"इतकी वर्षं पुस्तकं जमवली," ते म्हणाले, "सगळी वर बसून काम कसं करवून घ्यायचं याची. हे एकातही सापडलं नाही. काल रात्री इथेच बसून सगळी चाळून पाहिली."

मी अर्जाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "सही केली तेव्हा मी खुर्ची खरोखरच सोडली होती. अर्थ त्यांनी वेगळा लावला, पण मी सोडली होती ना? आता परत मागितली तर ती मी कधी सोडलीच नव्हती, असं होईल." मग जरा हसून म्हणाले, "खरं सांगू? निघून जाणं सोपं होतं. सगळे हार घालून निरोप देणार, तू रडणार. मान राहिला असता माझा. हे अवघड आहे, रोज सकाळी यायचं आहे."

"मग कशाला करता, साहेब?"

"माळव्यातून पन्नास माणसं येतील. परक्या गावात, परक्या शेडमध्ये. आपली माणसं त्यांना कसं वागवतील, सांग बरं?"

उत्तर मला माहीत होतं. त्यांची यंत्रं कोपऱ्यात, त्यांची माणसं दाराशी. भांडणाची तयारी तर आधीच सुरू झाली होती. कोण कुणाला सीनियर यावरून फोरमनने मनात यादी करून ठेवली होती.

"मी त्यांच्या साहेबांना जसं वागवीन, तसं," साहेब म्हणाले. "पुस्तकाचं पान वाचून ते होणार नाही."

मी तिथून बाहेर आलो आणि शेडमागच्या नळावर तोंड धुतलं. मी घाबरलो होतो, म्हणायला हरकत नाही. एवढी मोठी गोष्ट इतक्या जवळून बघायची मला सवय नव्हती. आमच्या घरात तीन पिढ्यांनी मोठी माणसं पाहिली, पण ती चौरंगावर बसलेली. मी पाहत होतो तो माणूस चौरंगावरून उतरत होता, आणि जसजसा उतरत होता तसतसा मला मोठा दिसत होता.

नवे साहेब आले त्या सकाळी कुणीच धड काम करत नव्हतं. ऑफिसात दोन टेबलं लागली होती. मोठं टेबल रिकामं ठेवून साहेब खिडकीजवळच्या लहान टेबलाशी बसले होते, ते त्यांनी आदल्या दिवशी स्वतः पुसून लावलं होतं. दारातून मला शेड दिसत होती. आमची माणसं यंत्रांपाशी हात बांधून बसली होती, मुद्दाम. फोरमन तर पाठ फिरवूनच बसले होते. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण नव्या माणसासाठी कुणी जागचं हलणार नाही, हे दिसत होतं. खरं सांगतो, मीही खुर्चीतून न उठण्याचं ठरवलं होतं.

नवे साहेब फाटकातून आत आले. सडपातळ, तरुण, हातात छोटी बॅग. अंगण ओलांडताना ते दोनदा अडखळले. शंभर माणसं बसून बघत असली की कुणीही अडखळेल. शेडच्या तोंडाशी येऊन ते थांबले. पुढे यावं की नाही, हे त्यांना कळेना.

साहेब उठले. ऑफिसातून बाहेर पडले, शेडच्या मधोमध आले आणि तिथे, सगळ्यांना दिसेल असे, हात जोडून उभे राहिले. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. त्या बेताच्या आवाजात म्हणाले, "आइए साहब। सब आप ही की राह देख रहे हैं।"

ते खोटं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. आधी हेडमिस्त्री उठले. मग सुतार. मग एकेक करून, बाकं सरकल्याचे आवाज होत, सगळी शेड उठली. फोरमन सगळ्यांत शेवटी उठले, पण उठले. साहेब अजूनही हात जोडून उभे होते, आणि मी ऑफिसच्या दारात केव्हा येऊन उभा राहिलो होतो, ते मला कळलंही नव्हतं.